‘मला नाही जमत’ कसं घडतं?

सोसायटीची वार्षिक सभा. हिशोब मंजूर झालेले, पार्किंगवरून नेहमीची वादावादी झालेली, आता नवा सेक्रेटरी हवा. कोणीतरी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं नाव सुचवतं. काकू लगेच उभ्या राहतात आणि चांगली पाच मिनिटं, एकदाही न अडखळता, मुद्देसूद पटवून देतात की मला चार लोकांत बोलायला जमत नाही. समोर चाळीस माणसं बसलेली असतात. त्यात काही विसंगत आहे असं कोणालाच वाटत नाही, काकूंना तर नाहीच. पाण्याच्या टँकरवाल्याशी भांडून बिल कमी करून घेतलेलं असतं ते याच काकूंनी. पण ते त्यांच्या लेखी ‘बोलणं’ नसतंच.

अशी माणसं पावलोपावली भेटतात. ऊस किती टन गेला, दर काय लागला, तोडणी-वाहतूक वजा जाता हातात काय पडणार, हे तोंडी सांगणारा शेतकरी मुलाच्या शाळेत गेला की म्हणतो, ‘आपलं गणित पहिल्यापासून कच्चं, सर.’ पुरावा डोळ्यांसमोर असतो, तोही रोजचा, आणि तरी एक जुनं वाक्य त्याला पुरून उरतं. हे होतं कसं?

‘आत्मविश्वास नाही’ असं म्हणून आपण विषय मिटवतो. पण ते आजाराला नाव देण्यासारखं झालं, आजार कसा चालतो ते त्यातून कळत नाही. गेल्या पन्नास-साठ वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी या वाक्याचा माग बराच काढला आहे. त्यातून दिसतं ते असं : स्वतःबद्दलचा समज आपल्यावर कसली जादू करत नाही. तो आपल्याकडून बारीकसारीक गोष्टी करवून घेतो, आणि त्या गोष्टींतून स्वतःच्या खरेपणाचा पुरावा तयार करवतो.

तीन थर

फिलाडेल्फियाचे मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक १९६० च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांवर उपचार करत होते. त्यांच्या लक्षात आलं की रुग्ण जे बोलतो त्याच्या जोडीला त्याच्या मनात बारीक आवाजात दुसरंही काही चाललेलं असतं. ‘डॉक्टर कंटाळलेत माझ्या बोलण्याला’, ‘हेही मी चुकीचंच सांगितलं’, असं. हे विचार मुद्दाम केलेले नसतात, आपोआप उगवतात. बेक यांनी त्यांच्या मुळाशी जायला सुरुवात केली, तेव्हा खाली आणखी दोन थर सापडले.

सगळ्यात तळाशी असते मूळ धारणा. ती बहुधा तीन-चार शब्दांची असते आणि तिची भाषा लहान मुलाची असते : मी बावळट आहे. माझ्यात दम नाही. मी कोणाला आवडण्यासारखी नाही. मधल्या थरात असतात तिच्याभोवती घातलेले नियम : ‘तोंड उघडलं नाही तर कोणाला कळणार नाही’, ‘सगळ्यांचं सगळं केलं तरच लोक आपल्याला धरून राहतील’. आणि वर, रोजच्या व्यवहारात, ते आपोआप उगवणारे विचार : आत्ता नको विचारायला, नंतर बघू.

मूळ धारणेची गंमत अशी की ती मत म्हणून जाणवतच नाही. ‘मुंबईला पावसाळ्यात पाणी तुंबतं’ हे जितक्या सहज आपण म्हणतो, तितक्याच सहज ‘माझ्याच्याने भाषा शिकणं होत नाही’ असंही म्हणतो. मताशी वाद घालता येतो. वस्तुस्थितीशी कोण वाद घालणार? तिच्या अंगाने फक्त वागायचं असतं.

नसलेला व्रण

ही ‘वस्तुस्थिती’ डोळ्यांवर कसा परिणाम करते याचा एक सुरेख प्रयोग अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात झाला. रॉबर्ट क्लेक आणि अँजेलो स्ट्रेंटा यांनी तो १९८० साली प्रसिद्ध केला. सहभागी व्यक्तीच्या चेहऱ्यावर रंगभूषेने एक ठसठशीत व्रण काढायचा, तिला आरशात तो दाखवायचा आणि मग एका अनोळखी माणसाशी गप्पा मारायला पाठवायचं. चेहऱ्यावर व्रण असला की लोक कसे वागतात ते आम्हाला बघायचंय, असं तिला सांगितलेलं.

खोलीत जाण्याआधी ‘रंग तडकू नये म्हणून जरा क्रीम लावतो’ असं सांगून प्रयोगकर्ता पुन्हा चेहऱ्याला हात लावायचा. खरं तर त्या निमित्ताने तो व्रण पुसून टाकायचा. व्यक्ती आत जायची ती नेहमीच्या, साध्या चेहऱ्याने. पण तिच्या मनात व्रण होता.

गप्पा संपल्यावर विचारलं, तर सांगण्यासारखं पुष्कळ होतं : समोरचा माणूस अवघडला होता, नजर चुकवत होता, जरा कीव केल्यासारखं बोलत होता. समोरच्याने तर काहीच पाहिलेलं नव्हतं. काही जणांना व्रणाऐवजी वेगळं सांगितलं होतं, की तुम्हाला साधी ॲलर्जी आहे असं समोरच्याला कळवलं आहे. त्यांना असलं काही जाणवलं नाही. ज्या गोष्टीची मनाला लाज वाटते, तिचेच पडसाद माणसाला समोरच्याच्या चेहऱ्यावर दिसले.

ती माणसं खोटं बोलत नव्हती, हे महत्त्वाचं. कोणत्याही संभाषणात समोरचा कधीतरी खिडकीबाहेर बघतो, खाकरतो, खुर्चीत सरकतो. अशा शंभर हालचालींतून कोणत्या उचलायच्या आणि त्यांचा अर्थ काय लावायचा, हे मनातला व्रण ठरवत होता.

एकतर्फी खतावणी

समजा, एखाद्या पेढीवर असा मुनीम आहे की जो नावेच्या बाजूची प्रत्येक रक्कम तारीख-वारासकट चोख लिहितो, आणि जमेची रक्कम आली की ‘किरकोळ’ म्हणून बाजूला ठेवतो. त्याच्या वहीतली एकही नोंद खोटी नाही. तरी वर्षअखेर पेढी बुडालेलीच दिसणार, आणि ‘लिहिलंय बघा वहीत’ असं तो शपथेवर सांगणार.

मूळ धारणा मनात हेच काम करते. ‘मी बावळट आहे’ असं मानणाऱ्या माणसाच्या हातून चूक झाली, तर ती खात्यावर चढते. काम फत्ते झालं, तर सोपंच होतं, नशीब चांगलं, साहेब त्या दिवशी खुशीत होते, अशा कोणत्या ना कोणत्या किरकोळीत ते जातं. कौतुक झालं तर बोलणारा भला माणूस ठरतो. टीका झाली तर बोलणारा पारखी ठरतो.

आणि माणसं पारखी शोधतातही. टेक्सास विद्यापीठातल्या विल्यम स्वॉन यांनी १९९२ च्या सुमारास दाखवून दिलं की ज्यांचं स्वतःबद्दलचं मत वाईट असतं, त्यांना निवड करू दिली तर ते पुष्कळदा आपल्याबद्दल बरं बोलणाऱ्याऐवजी वाईट बोलणाऱ्याशी बोलणं पसंत करतात. कारण विचारलं तर उत्तर साधारण असं यायचं की हा मला नीट ओळखतो असं वाटतं. वरवर हे वेडेपणाचं वाटतं, पण त्यात तर्क आहे. कौतुक करणाऱ्याच्या सहवासात उद्या उघडे पडण्याची टांगती भीती असते. नावं ठेवणाऱ्याजवळ ती नसते. स्वतःची ओळख सुखाची नसली तरी सवयीची असते, आणि सवयीचं सोडणं अवघड. सतत पाणउतारा करणाऱ्या मित्राला काही माणसं वर्षानुवर्षं का चिकटून राहतात, याचं निदान थोडं तरी उत्तर इथे मिळतं. सगळं नाही. पैसा, धाक आणि घरच्यांचा दबाव यांचाही त्यात वाटा असतो, आणि तो स्वॉन यांच्या प्रयोगशाळेत मोजलेला नाही.

पाय जमिनीला टेकवत चालवलेली स्कूटर

आतापर्यंतचं सगळं मनातल्या मनात होतं. पण धारणा तिथे थांबत नाही, ती हातापायांत उतरते.

सगळ्यात सोपा मार्ग टाळण्याचा. पुण्यासारख्या दुचाकींच्या शहरातसुद्धा ड्रायव्हिंग लायसन्स काढून कपाटात ठेवलेल्या बायका (आणि काही पुरुषही) पुष्कळ आहेत. ‘मला ट्रॅफिकमध्ये नाही जमत.’ मग भाऊ सोडतो, नवरा सोडतो, नाहीतर रिक्षा. प्रत्येक वेळी स्कूटर न काढल्यामुळे लगेच हायसं वाटतं, आणि ते हायसं वाटणं हेच टाळण्याचं बक्षीस असतं. बक्षीस मिळालेली वागणूक पुन्हा होते. शिवाय रस्त्यावर गेलो असतो तर काय झालं असतं, ते कधीच कळत नाही. अपघात झाला असता हा अंदाज जसाच्या तसा राहतो, तपासला न गेल्यामुळे.

दुसरा मार्ग अधिक फसवा आहे, कारण त्यात माणूस काही टाळत नाही. स्कूटर काढतो, पण दोन्ही पाय बाहेर काढून, चपलेचे तळवे रस्त्याला घासत, ताशी दहाच्या वेगाने. तोल जाईल म्हणून पाय खाली. पण दुचाकीचा तोल गतीवर राहतो. इतक्या हळू गाडी डुगडुगणारच, आणि हवेत लोंबणाऱ्या पायांनी ती आणखी डुगडुगते. घरी येऊन माणूस सांगतो, ‘पाय खाली होते म्हणून वाचले.’ खरं तर पाय खाली होते म्हणूनच गाडी डुगडुगत होती.

डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये लोकांची भीती बाळगणाऱ्यांबाबत असंच वर्णन केलं. हात थरथरतील म्हणून पेला घट्ट धरायचा, घट्ट धरल्याने हात जास्त थरथरतात. चुकीचं बोलू म्हणून प्रत्येक वाक्य आधी मनात घोकायचं, त्या नादात समोरचा काय म्हणाला ते ऐकूच येत नाही आणि उत्तर खरोखरच भलतं जातं. लक्ष नको वेधायला म्हणून हळू बोलायचं, मग सगळे पुढे वाकून ‘काय म्हणालात?’ विचारतात. संकट टाळण्यासाठी केलेली हालचालच संकट घडवते, आणि वर टळलं तर श्रेयही तीच घेते.

तिसरा मार्ग आपल्या सगळ्यांच्या शाळेत होता. परीक्षेच्या सकाळी हॉलबाहेर उभं राहून ‘पुस्तकच उघडलं नाही रे’ म्हणणारा. स्टीव्हन बर्ग्लास आणि एडवर्ड जोन्स यांनी १९७८ मध्ये याचा प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांना सुटण्यासारखी नसलेली कोडी देऊन वर ‘उत्तम सोडवलीत’ असं सांगितलं. ते यश आपण पुन्हा मिळवू शकू याची त्यांना अर्थातच खात्री नव्हती. पुढच्या चाचणीआधी दोन औषधांतून एक निवडायला सांगितलं : एक डोकं तल्लख करणारं, दुसरं मंद करणारं. मुलांपैकी बऱ्याच जणांनी मंद करणारं निवडलं. नापास झालो तर औषधामुळे, पास झालो तर औषध असूनही. अभ्यास न करणं हेही असंच एक औषध आहे. जीव तोडून अभ्यास करून नापास होणं म्हणजे तळाशी बसलेल्या वाक्यावर शिक्कामोर्तब. तेवढी जोखीम कोण घेणार?

┌───────────────
चौकट : तीन वेगळ्या गोष्टी
बोलताना आपण या तिन्हींना सरसकट ‘आत्मविश्वास’ म्हणतो, पण संशोधनात त्या वेगळ्या मोजतात.
*स्वप्रतिमा* : मी कसा आहे याचं मनातलं वर्णन. ‘मी अबोल, व्यवस्थित, जरा तापट.’
*आत्मसन्मान* : त्या वर्णनाची मी केलेली किंमत. अबोल असूनही माणूस स्वतःवर खूश असू शकतो.
*स्वक्षमतेवरचा विश्वास* : हे विशिष्ट काम मी करू शकेन का, याचा अंदाज. तो कामागणिक बदलतो. पोळ्या करताना भरपूर, ऑनलाइन फॉर्म भरताना शून्य. रोजचं वागणं ठरवण्यात याचा हात मोठा.
└───────────────

डोक्यातली अपुरी जागा

गणिताची गोष्ट जरा वेगळी सांगायला हवी, कारण तिथे धारणा सरळ मेंदूच्या कामात अडथळा आणते. सत्तेचाळीस अधिक अडतीस तोंडी करा. सात आणि आठ पंधरा, पाच ठेवले, हातचा एक. तो हातचा एक क्षणभर कुठेतरी धरून ठेवावा लागतो. त्या जागेला कार्यकारी स्मृती म्हणतात आणि ती फार तोकडी असते. मार्क ॲशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी २००१ मध्ये दाखवलं की गणिताची धास्ती असलेल्यांची ही जागा आकडे समोर येताच कमी पडते, आणि हातचा असलेल्या गणितांत ते जास्त अडखळतात. कारण त्याच तोकड्या जागेत ‘चुकणार, आता चुकणार’ हेही येऊन बसलेलं असतं. म्हणजे अंदाज खरा ठरतो, पण ज्या कारणाने ठरतो ते कारण बुद्धीचं नसतं.

ही धास्ती कधीकधी हातोहात पुढे जाते. शिकागोत सीअन बायलॉक आणि सहकाऱ्यांनी पहिली-दुसरीच्या १७ शिक्षिकांचे वर्ग वर्षभर पाहिले. २०१० मध्ये निष्कर्ष आले : ज्या बाईंना स्वतःला गणिताची धास्ती जास्त, त्यांच्या वर्गातल्या मुलींमध्ये वर्षअखेर ‘गणित मुलांचं, वाचन मुलींचं’ हा समज जास्त दिसला, आणि तो समज असलेल्या मुली गणितात मागे पडल्या. वर्षाच्या सुरुवातीला असा संबंध नव्हता. मुलांवर परिणाम दिसला नाही. अभ्यास लहान आहे, त्यावर फार मोठी इमारत बांधू नये. पण ‘तुझ्या आईलाही गणित कधी जमलं नाही’ हे वाक्य आपल्या घरांत किती प्रेमाने म्हटलं जातं, ते आठवून पाहावं.

समज की अनुभव?

इथवर वाचून एखाद्याला वाटेल, सगळा दोष डोक्यातल्या वाक्याचा, वाक्य बदला की काम झालं. या सोप्या निष्कर्षाला अडवणारा एक प्रयोग आपल्याच देशातला आहे.

कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. ३२१ मुलं वरच्या मानल्या गेलेल्या जातींतली, ३२१ खालच्या मानल्या गेलेल्या जातींतली. सुटलेल्या चक्रव्यूहांप्रमाणे पैसे. जात उच्चारलीच नाही तेव्हा दोन्ही गटांत फरक नव्हता. काही सत्रांत मात्र प्रयोग सुरू होण्याआधी प्रत्येक मुलाचं नाव, गाव, वडिलांचं आणि आजोबांचं नाव आणि जात सगळ्यांसमोर वाचून दाखवली. एवढंच केलं. दलित मुलांचे सुटलेले चक्रव्यूह लक्षणीयरीत्या कमी झाले. मुलं तशीच, कागद तसेच, बदललं होतं ते फक्त पुकारणं.

पहिला मोह होतो म्हणायचा, की बघा, न्यूनगंड. पण हॉफ आणि पांडे तिथे थांबल्या नाहीत. त्यांनी बक्षीस देण्याची पद्धत बदलून पाहिली. जिथे मोबदला निव्वळ यांत्रिक पद्धतीने ठरत होता, देणाऱ्याच्या मर्जीला वाव नव्हता, तिथे जात पुकारण्याचा परिणाम दिसला नाही. जिथे कोणाच्या तरी मर्जीला वाव होता, तिथे दिसला. म्हणजे मुलांचा अविश्वास स्वतःच्या डोक्यावर नव्हता, वाटप करणाऱ्याच्या न्यायबुद्धीवर होता. आणि त्या वयापर्यंत त्यांनी जे पाहिलं होतं, त्यावरून तो अंदाज शहाणपणाचाच होता.

‘स्वतःवर विश्वास ठेवा’ सांगत फिरणाऱ्या वक्त्यांना हा भेद बहुधा माहीत नसतो, किंवा परवडत नसतो. समोरच्याचं वाक्य जुना गैरसमज आहे की आजही रोज येणारा अनुभव, हे आधी बघायला हवं. गैरसमजावर उपाय माणसाने करायचा. अनुभवावर उपाय व्यवस्थेने करायचा.

कधी दोन्ही एकाच कृतीत होतं. महाडचं चवदार तळं कागदोपत्री सगळ्यांना खुलं झालेलं होतं. मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव १९२३ सालीच मंजूर झाला होता आणि महाड नगरपालिकेनेही त्याला अनुसरून ठराव केला होता. तरी कोणी अस्पृश्य तिथे पाणी भरू धजत नव्हता. धजला असता तर काय झालं असतं, ते २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांसह लोकांनी पाणी प्यायल्यानंतर झालेल्या हल्ल्याने दाखवलंच. भीती खरीच होती. म्हणून त्या दिवशी प्यायलेल्या ओंजळीला नुसतं मनोबल म्हणणं अपुरं आहे. पण डिसेंबरात पुन्हा महाडला जमलेल्या स्त्रियांशी बोलताना बाबासाहेबांनी लुगडं नेसण्याची पद्धत आणि जात ओळखू येणारे दागिने बदलायला सांगितलं. आधी मन बदला, मग नेसणं बदलेल, असा क्रम त्यांनी लावला नाही.

कुत्री का उठली नाहीत

१९६७ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर केलेला प्रयोग वाचतानाही अंगावर काटा येतो. काही कुत्र्यांना विजेचे झटके बसत, पण डोक्याने फळी ढकलली की ते थांबत. दुसऱ्या गटाला तेवढेच झटके, पण थांबवण्याची सोय नाही. नंतर सगळ्यांना अशा पेटीत ठेवलं जिथे मधलं बुटकं आडकाठं ओलांडलं की सुटका. पहिल्या गटातली कुत्री पटकन उडी मारायला शिकली. दुसऱ्यातली बहुतेक तिथेच पडून कण्हत राहिली. याला नाव पडलं ‘शिकलेली असहायता’, आणि पुढे ते माणसांच्या नैराश्यालाही लावलं गेलं.

या प्रयोगाचे दोन उत्तरार्ध आहेत आणि ते कमी सांगितले जातात. पहिला : ती कुत्री बरी कशी झाली? पलीकडे खाणं ठेवून, हाका मारून काही उपयोग झाला नाही. गळ्यात दोरी बांधून त्यांना पुन्हा पुन्हा ओढून आडकाठ्यापलीकडे न्यावं लागलं. सुरुवातीला सगळा जोर माणसाचा. हळूहळू ओढ कमी लागू लागली आणि मग कुत्री आपण होऊन उडी मारू लागली. पायांनी पलीकडे गेल्याशिवाय पलीकडे जाता येतं हे त्यांना कळलं नाही.

दुसरा उत्तरार्ध पन्नास वर्षांनी आला. २०१६ मध्ये याच दोघांनी मेंदूतल्या नव्या पुराव्यांच्या आधारे स्वतःचा सिद्धांत उलटा केला. दीर्घ त्रासात निपचित पडून राहणं हे शिकावं लागत नाही, ती मेंदूच्या जुन्या भागाची उपजत प्रतिक्रिया आहे. शिकावं लागतं ते दुसरंच : माझ्या करण्याने काहीतरी बदलतं, हे. तो धडा मेंदूच्या पुढच्या भागात नोंदला जातो आणि निपचित पडण्याच्या प्रतिक्रियेला आवर घालतो. असहायता शिकलेली नसतेच. नियंत्रण शिकलेलं असतं, किंवा शिकायची संधी मिळालेली नसते.

आरशासमोर बोलून काय होतं?

तर मग उपाय काय? रोज सकाळी आरशात बघून ‘मी उत्तम आहे’ म्हणायचं, हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त विकला जाणारा सल्ला. कॅनडात जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये तो तपासला. ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं वाक्य लोकांना पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. ज्यांचा आत्मसन्मान आधीच चांगला होता त्यांना थोडं बरं वाटलं. ज्यांचा कमी होता, म्हणजे ज्यांच्यासाठी हा सल्ला असतो, त्यांना आणखी वाईट वाटलं. न पटणारं वाक्य म्हटलं की मनातला मुनीम लगेच जुनी वही काढतो.

अल्बर्ट बांडुरा यांनी स्टॅनफर्डमध्ये उलट्या टोकाने सुरुवात केली. सापाच्या भीतीने ज्यांचं जगणं आखडलं होतं अशा माणसांना त्यांनी काही पटवून दिलं नाही. आधी काचेपलीकडून बघा. मग दारात उभे राहा. जाड हातमोजे घालून शेपटीला बोट लावा. मदतनीस आधी स्वतः करून दाखवायचा, मग बरोबर करायचा, मग बाजूला व्हायचा. काही तासांत बहुतेकांच्या मांडीवर साप होता. १९७७ च्या गाजलेल्या निबंधात बांडुरा यांनी स्वक्षमतेवरचा विश्वास कशाकशातून येतो ते मांडलं : स्वतः केलेलं काम, आपल्यासारख्याला करताना पाहणं, कोणाचं तरी सांगणं, आणि त्या क्षणी शरीर काय सांगतंय ते. यात सगळ्यात जोरकस पहिलं. सांगण्याचा प्रभाव त्यामानाने लवकर विरतो, आणि आपण मुलांच्या बाबतीत नेमकी त्याचीच उधळण करतो.

विवेकनिष्ठ मानसोपचाराचे जनक अल्बर्ट एलिस यांनी असाच प्रयोग तरुणपणी स्वतःवरच केला होता. मुलींशी बोलण्याची त्यांना जबर भीती. एकोणिसाव्या वर्षी, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात, बाकावर एकटी बसलेली दिसेल त्या तरुणीशेजारी बसायचं आणि बोलायला सुरुवात करायची, असा नेम त्यांनी महिनाभर पाळला. त्यांच्याच सांगण्यानुसार, शंभर जणींशी बोलणं झालं. भेटायला एक जण कबूल झाली, आणि तीही आली नाही. बाकी विचाराल तर सपशेल अपयश. पण त्यांची भीती गेली. आकाश कोसळत नाही हे शंभरदा बघितल्यावर कोसळेल असं म्हणत राहणं अवघड जातं. हीच विचारपद्धती पुढे मुंबईचे डॉ. कि. मो. फडके यांनी आपल्याकडे रुजवली आणि मराठी वाचकांपर्यंत नेली.

बेकच्या पद्धतीतले उपचारक या कृतीला एक कागद जोडतात. करण्याआधी लिहायचं : काय होईल असं वाटतंय, आणि किती खात्रीने. केल्यावर लिहायचं : काय झालं. स्कूटरवालीच्या कागदावर पहिल्या दिवशी असेल, ‘सकाळी सहाला, कॉलनीतल्या रस्त्यावर, पाय फूटबोर्डवर ठेवून. पडेन : नव्वद टक्के.’ दुसऱ्या रकान्यात : ‘पडले नाही. वळणावर एक पाय खाली गेला.’ हेही लिहायचं, लपवायचं नाही. मग थोडी वर्दळ, मग चौक, मग सिग्नल. मुनिमाच्या वहीत जमेच्या बाजूला तारखेसकट नोंद पडायला लागते, आणि ती नोंद स्वतःच्या हाताची असल्यामुळे ‘किरकोळ’ म्हणून खोडता येत नाही.

यातून काय किती साधतं, याबाबत आकडे नम्र आहेत. ‘बुद्धी वाढवता येते’ हे सांगणारा तासाभराहून कमी वेळाचा ऑनलाइन पाठ डेव्हिड येगर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत नववीच्या सुमारे १२,००० विद्यार्थ्यांवर तपासला. मागे पडलेल्या मुलांच्या गुणांकात सरासरी वाढ झाली ती चारपैकी सुमारे ०.१ ची. तीही त्या शाळांत जास्त, जिथे अवघड गणिताला हात घालणं सोबत्यांना चालत होतं. बाकी शाळांत नवा समज घेऊन परतलेल्या मुलाला तो वापरायला जागाच नव्हती.

आणि सगळ्याच ‘मला नाही जमत’ना स्कूटरचा उपाय लागू पडत नाही. आठवडे सरले तरी अंथरुणातून उठावंसं वाटत नाही, झोप-भूक बिघडली आहे, ‘मी कोणाच्या कामाचा नाही’ हे वाक्य दिवसभर जात नाही, अशी अवस्था असेल तर तो नैराश्याचा आजार असू शकतो, आणि त्यात माणसाकडे पहिल्या पायरीपुरतंही बळ नसतं. अशा वेळी घरच्यांनी धीर देत बसण्यापेक्षा डॉक्टरांची वेळ घ्यावी, सोबत जावं. जवळपास मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर ‘टेलि-मानस’ ही केंद्र सरकारची मोफत सेवा आहे. ती ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, क्रमांक १४४१६, दिवसरात्र. मराठीतूनही बोलता येतं.